पाया खणण्याआधी शेजारी जा

घराचं काम निघतं, पाया खणताना हादरे बसतात आणि शेजारच्या भिंतीला केसाएवढी चीर जाते. नव्या पत्र्याच्या पागोळ्या थेट शेजाऱ्यांच्या तुळशीवृंदावनावर पडू लागतात. वाटीभर साखरेची देवाणघेवाण करणारी घरं मग अबोला धरतात.

हे टाळता येतं. काम सुरू होण्याआधी नकाशा घेऊन शेजारी जा. दोघांनी मिळून भिंतींचे फोटो तारखेसह काढून ठेवा, म्हणजे चीर जुनी की नवी हा वादच उरत नाही. हद्दीची शंका असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी अर्ज करा. एखाद्या घराला २० वर्षं शांततेने, विनाखंड उजेड-वारा मिळत आला असेल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार तो त्या घराचा हक्क ठरू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

तरीही बिनसलंच, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. ती भरवत असलेल्या लोकअदालतीत न्यायालयीन शुल्क लागत नाही आणि तिथल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं.

पडलेली भिंत गवंडी पुन्हा बांधून देतो. तुटलेला शेजार मात्र आपल्यालाच सांधावा लागतो.