शाळेसाठी राखलेले बेट

अमेरिकेतल्या बॉस्टनच्या बंदरात डिअर नावाचे एक बेट होते, आता ते किनाऱ्याला जोडले गेले आहे. 1641 मध्ये बॉस्टनच्या गावसभेने ठराव केला की या बेटाचे उत्पन्न गावाच्या शाळेसाठी लावावे. इंग्लंडहून आलेल्या प्युरिटन लोकांची जहाजे 1630 मध्ये तिथे लागली होती. म्हणजे वसाहतीला जेमतेम अकरा वर्षे झाली होती, जंगल तोडून शेते काढण्याचे काम संपायचे होते, आणि पंतोजीच्या पगाराची तजवीज मात्र गावाच्या दप्तरात नोंदली गेली होती.

ही तजवीज एका दिवसात सुचली नाही. बॉस्टनची लॅटिन शाळा 1635 मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी गावातल्या सधन मंडळींकडून वर्गणी गोळा झाली. गव्हर्नर हेन्री वेन आणि जॉन विन्थ्रॉप यांनी दहा-दहा पौंड घातले. पण वर्गणीवर एखादे काम चालवून पाहिलेल्या माणसाला तिचा स्वभाव ठाऊक असतो. पहिल्या वर्षी नावे भराभर लागतात, तिसऱ्या वर्षी त्याच दारी दोनदा जावे लागते. पंतोजीला तर दर वर्षी जेवायला लागते! म्हणून गावांनी जमिनीकडे पाहिले. शेजारच्या डॉर्चेस्टरने 1639 मध्येच थॉमसन बेटावर वर्षाला वीस पौंडांचा खंड बसवून तो शाळेला दिला होता. 1660 मध्ये इप्सविचच्या विल्यम पेन यांनी समुद्राकाठचा लिटल नेक नावाचा जमिनीचा तुकडा शाळेला कायमचा दिला आणि तो कधीही विकू नये अशी अट घातली. ती अट साडेतीनशे वर्षे टिकली. अलीकडे, 2012 मध्ये, बराच वाद आणि कोर्टकचेरी होऊन ती जमीन विकली गेली.

डेडहॅम हे गाव त्यापुढे एक पाऊल गेले. 1636 मध्ये वसलेल्या या गावाला वसवणाऱ्यांनी मागितलेले नाव होते ‘समाधान’. 1644 मध्ये त्यांनी सभेत ठरवले की शाळेसाठी काही जमीन राखायची आणि शिवाय वर्षाला वीस पौंड गावावर पट्टी बसवून उभे करायचे. पट्टी सगळ्यांवर होती. ज्याच्या घरात शाळेत जाणारे पोर नाही, तोही ती देणार. केंब्रिजमध्ये शिकलेले राल्फ व्हीलॉक तिथले पहिले शिक्षक झाले. पुढे शाळेला स्वतःची लहानशी इमारत मिळाली, तिला लागूनच गावाच्या पहारेकऱ्यांची खोली होती. मुले अक्षरे गिरवत आणि भिंतीपलीकडे पहारा चाले. नव्या मुलुखात पाय रोवू पाहणारे गाव कशाला महत्त्व देत होते, ते त्या दोन खोल्यांवरून समजते.

या मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या सरकारने 1642 मध्ये कायदा केला तो आईबाप आणि धनी यांच्यासाठी: मुलांना वाचता येते की नाही, धर्म आणि मुलुखाचे कायदे समजतात की नाही, याकडे गावच्या पंचांनी लक्ष ठेवावे. त्यात शाळेचा उल्लेख नव्हता. तो आला 1647 मध्ये. पन्नास कुटुंबांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमावा, शंभर कुटुंबांच्या गावाने हार्वर्ड कॉलेजच्या तयारीची लॅटिन शाळा काढावी. कारण धार्मिक होते. बायबल माणसाला स्वतः वाचता आले नाही तर सैतान त्याला फसवील, असे कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिले आहे. पगार मात्र पालकांनी द्यावा की साऱ्या गावाने, हे गावावर सोडले होते. त्यामुळे कित्येक ठिकाणी पट्टी, फी आणि खंड यांची मोट बांधून काम चाले. पैशाऐवजी धान्य चाले, हिवाळ्यात मुलांच्या घरून चुलीसाठी सरपण येई.

लॅटिन शाळा न काढणाऱ्या गावाला दंड होता पाच पौंड, आणि तो जाई शेजारच्या गावच्या शाळेला! ही योजना मोठी मार्मिक होती. तरीही पंतोजीच्या पगारापेक्षा दंड स्वस्त पडतो, हा हिशेब काही गावांनी केलाच. म्हणून 1671 मध्ये दंड दहा पौंड झाला, 1683 मध्ये मोठ्या गावांसाठी वीस.

या साऱ्याचे कौतुक करताना दोन गोष्टी गाळता येत नाहीत. पहिली मुलींची. पट्टी मुलीच्या बापानेही भरली, पण गावशाळेची दारे बहुतेक ठिकाणी मुलींना बंदच राहिली. त्यांच्या वाट्याला आली शेजारच्या एखाद्या बाईच्या स्वयंपाकघरात भरणारी शाळा, तिथे वाचन आणि शिवण शिकवीत.

दुसरी गोष्ट त्या बेटाची. ज्या जमिनींचा खंड शाळेला मिळत होता त्या मूळच्या तिथल्या आदिवासींच्या. जॉन इलियट या धर्मोपदेशकाने त्यांच्यापैकी ख्रिस्ती झालेल्यांचे नॅटिक हे गाव 1651 मध्ये वसवले, त्यांच्या भाषेत बायबल छापले. त्या गावाच्या जमिनीवरून डेडहॅमने त्यांच्याशी वर्षानुवर्षे भांडण केले. 1675 मध्ये वसाहतवाले आणि आदिवासी यांच्यात युद्ध पेटले तेव्हा वसाहतीशी प्रामाणिक राहिलेल्या याच लोकांना, बायकापोरांसह, होड्यांत घालून डिअर बेटावर नेऊन ठेवले. अंगावर पुरेसे कपडे नाहीत, खायला समुद्रकाठचे शिंपले. त्या हिवाळ्यात थंडीने आणि भुकेने शेकडो माणसे मेली. 1641 चा ठराव वाचताना हे बेट तेच आहे, हे विसरता कामा नये.

मॅसॅच्युसेट्सने सरकारी शाळांतली फी पूर्ण बंद करून सारा खर्च करावर टाकला तो 1827 मध्ये. त्याच वर्षी शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधली सिंथिया फॅरार ही शिक्षिका बॉस्टनहून गलबतात बसून मुंबईला आली. पुढे अहमदनगरला तिने मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले यांनी तिथली शाळा पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही फॅरारबाईंकडे शिक्षणाचे धडे घेतल्याचे चरित्रकार सांगतात.

इथे पैशाची गोष्ट उलटी होती. 1860 नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाला ठेवला गेला. डेडहॅमचा शेतकरी सभेत हात वर करून स्वतःवर पट्टी बसवत होता. इथला कुणबी आणा भरत होता, पण तो कुठे खर्चावा हे ठरवणाऱ्या सभेत त्याला जागा नव्हती, आणि त्याचे पोर बहुधा गुरांमागे होते. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी बोट ठेवले ते नेमके याच आण्यावर: लोकल फंडाचा निम्मा भाग एकट्या प्राथमिक शिक्षणाला द्या, आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत ते सक्तीचे करा.