काटा हलला नाही तरी

घरात वजन जास्त असलेलं बारा-पंधरा वर्षांचं मूल असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे. सांगायचं एकच : वजनकाटा हलला नाही, तरी व्यायाम वाया जात नाही. महिनाभर घाम गाळूनही काटा हलेना, की व्यायाम सुटतो आणि घरात वनौषधींच्या कॅप्सूलची बाटली येते, म्हणून हे सांगणं. व्यायाम वाया का जात नाही, ते बघा. जेवणातली साखर रक्तात उतरली की तिला साठवणारी मोठी जागा म्हणजे आपले स्नायू. घरातले गव्हाचे डबे समजा. डबे काठोकाठ भरलेत आणि दारात नवं पोतं आलं, तर गहू ओतणार कुठे? मग तो कॉटखाली, माळ्यावर, मिळेल तिथे कोंबावा लागतो. शरीरातही तेच घडतं. जास्तीचं सगळं चरबी होऊन पोटात आणि यकृतात जाऊन बसतं. धाप लागेपर्यंत खेळणारं मूल हे डबे रिकामे करतं. शिवाय काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न बघता साखर आत ओढून घेतो. हा परिणाम टिकतो मात्र एखाद-दोन दिवसच. म्हणून रविवारी दिवसभर क्रिकेट आणि सोमवार ते शनिवार क्लास, हा हिशेब चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये सांगितलेलं माप 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटांचं आहे. त्यात आठवड्यातून 3 दिवस दंड-बैठकांसारखे स्नायू कमावणारे प्रकार हवेत.

आता कुणी म्हणेल, व्यायाम करू द्या, जोडीला कॅप्सूल घेतली तर बिघडलं कुठे? अशा कॅप्सूलमधल्या गार्सिनियाचंच बघा. ही आपल्या कोकमाच्या भावकीतली वनस्पती. 1998 साली अमेरिकेत 135 प्रौढांवर 12 आठवडे तिची चाचणी झाली. निम्म्यांना गार्सिनिया, निम्म्यांना नुसती खोटी गोळी, आणि बेताचा आहार मात्र सगळ्यांना. वजन दोन्ही गटांचं उतरलं, आणि दोहोंत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे काम केलं आहारानं. बाटलीवर बारीक अक्षरांत ‘योग्य आहार व व्यायामासोबत घ्यावे’ असं छापतात, त्यातली गोम हीच. भरल्या डब्यावर नवी चिठ्ठी चिकटवली म्हणून डबा रिकामा होत नाही! ‘अहो, आमसूल तर आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो,’ हाही आक्षेप येतो. खा की. पण आमटीतली दोन आमसुलं वेगळी आणि कॅप्सूलमधला दाट अर्क वेगळा. गार्सिनियाच्या आणि ग्रीन टीच्या अशा अर्कांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि स्थूल मुलांच्या यकृतावर बरेचदा आधीच चरबी असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही जोखीम मुलाच्या गळ्यात का बांधायची?

वेळ संपत आली. एवढं एक करा. मुलाला दर आठवड्याला काट्यावर उभं करून टोमणे मारू नका. जिना चढताना दम कमी लागतो का, ते विचारा. कमी लागत असेल, तर डबे रिकामे होताहेत. काटा हलला नाही तरी... हो, पुन्हा तेच सांगतोय.