कुटुंबकायद्याचा सल्लागार : त्याचे कार्य व कर्तव्य



ज्युबिलीच्या मंगलप्रसंगी कोर्टकचेरीची गोष्ट कशाला, असे कित्येकांस वाटेल. परंतु ज्या देवळात आपली लग्ने लागली, त्याच्याच सावलीतील काही घरांत आज दुही आहे, हे कोण जाणत नाही? अशा घरांकरिता आम्ही जे काम करितो, त्याविषयी बोलण्याची आज्ञा झाली. ती आम्ही शिरसावंद्य मानितो.

आम्ही न्यायाधीश नव्हे, वकीलही नव्हे. वकीलमंडळीस साहाय्य करणारे सल्लागार आहोत. पक्षकार प्रथम येतो तेव्हा त्याचे बोलणे रागाने व अश्रूंनी भरलेले असते. त्यातून घडलेल्या गोष्टी तारीखवार टिपणे, लग्नाचे व बाप्तिस्म्याचे दाखले जमविणे, हे आमचे पहिले काम. पोटगीच्या दाव्यात उभयतांनी आपली मिळकत व देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरविले. तेव्हापासून हे काम अधिकच जोखमीचे झाले. एक आकडा लपविला तरी सबंध दाव्यावरील विश्वास उडतो.

दुसरे काम समजावून सांगण्याचे. धर्मसभेच्या न्यायमंडळाने विवाह रद्दबातल ठरविला की सर्व मोकळे झाले, असा समज आपल्या लोकांत आढळतो. तो खरा नव्हे. मॉली जोसेफ यांच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तेवढ्याने सरकारी कायद्यापुढील विवाह संपत नाही. त्यासाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे न्यायालयाचा हुकूमनामा हवाच. उलटपक्षी, केवळ हुकूमनामा मिळाल्याने देवळात पुनर्विवाहाची मोकळीक होत नाही. ही दोन दारे निराळी आहेत. न्यायालयाचे दार न उघडता केलेला दुसरा विवाह कायद्याने टिकत नाही, आणि त्याचे दुःख बहुधा निरपराध स्त्रीच्या व लेकरांच्या पदरी पडते. याच कायद्यान्वये पूर्वी पतीने व्यभिचार सिद्ध केला की पुरे होई. पत्नीस मात्र त्याजबरोबर क्रौर्य, परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा भेद २००१ च्या दुरुस्तीने नाहीसा झाला, हेही पुष्कळ भगिनींस ठाऊक नसते.

तिसरे काम सर्वांत नाजूक. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समेटाचा यत्न करणे हे न्यायालयाचेच कर्तव्य ठरविले आहे. यास्तव मुलांचा ताबा, त्यांचे शिक्षण, राहते घर यांविषयी उभयतांस काय निभेल, ते आम्ही वकिलांपुढे मांडतो. मात्र जेथे मारहाण आहे तेथे समेटाचा आग्रह धरणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. तेथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षण मागणे हाच पहिला सल्ला.

शेवटी एकच विनंती. घरातील तंटा विकोपास जाण्यापूर्वी सल्ला घ्या, कागद जपून ठेवा आणि शेजारच्या घराचे दुःख चव्हाट्यावर आणू नका. ज्या घराची अब्रू शेजारी राखतात, ते घर पुन्हा उभे राहण्याची आशा असते.