तरुणांच्या शंका आणि आमची उत्तरे



ख्रिस्ती घरातील मूल धर्म शिकू लागते ते प्रश्नोत्तरांतून. आपल्याला कोणी निर्माण केले, कशासाठी निर्माण केले, येथून आरंभ होतो आणि संस्कार, आज्ञा, स्वर्ग, नरक असा क्रम लागतो. या पद्धतीत एक गंमत आहे. प्रश्न आणि उत्तर ही दोन्ही मोठ्या माणसांनीच लिहिलेली असतात. मुलाच्या वाट्याला येते ते केवळ पाठांतर. पुढे पंधराव्या-सोळाव्या वर्षी तेच मूल पुस्तकात नसलेला प्रश्न विचारते आणि घरात एकदम शांतता पसरते. आजी म्हणते, असे विचारू नये, पाप लागते. वडील म्हणतात, फादरांना विचार. फादर म्हणतात, प्रार्थना कर. तिन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले असतात. परंतु मुलाला त्यातून कळते ते एवढेच, की याचे उत्तर यांच्यापाशी नाही आणि तसे कबूल करण्याची यांची तयारीही नाही.

रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गावर मी अनेक वर्षे शिकवीत आहे. त्या अनुभवावरून बोलावयाचे तर श्रद्धेला धक्का बसतो तो प्रश्नाने क्वचितच. बहुधा तो बसतो घाईने दिलेल्या, आतून पोकळ अशा उत्तराने.

ही गोष्ट आजची नव्हे. संत ऑगस्टिन यांचा जन्म ३५४ साली उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरिया देशात झाला. आई मोनिका भाविक ख्रिस्ती. परंतु मुलगा कार्थेज नगरीत शिकावयास गेला आणि मानी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथात शिरला. जगात दुष्टपणा आला कोठून, या प्रश्नाने त्याला पछाडले होते आणि त्याचे उत्तर आपल्याजवळ आहे असे हा पंथ छातीठोकपणे सांगत असे. नऊ वर्षे तो त्यांच्यात राहिला. ग्रहणांचे आणि ताऱ्यांचे गणित पंडितांच्या ग्रंथांत बरोबर जुळते, मानीच्या ग्रंथांत जुळत नाही, हे त्याच्या लक्षात आले. विचारले की सोबती म्हणत, थांब, फाऊस्टस येऊ देत, ते सर्व उलगडून सांगतील. अखेर ते आले. वाणी गोड, वागणे आर्जवी. ऑगस्टिनने शंका मांडल्या तेव्हा फाऊस्टस यांनी सरळ सांगितले, की हे मला ठाऊक नाही. ऑगस्टिनची पंथावरील श्रद्धा तेथे ओसरली. पण त्या माणसाविषयीचा आदर मात्र वाढला, असे त्याने पुढे आपल्या आत्मचरित्रात नमूद करून ठेवले आहे. आम्हां शिक्षकांनी हा प्रसंग जवळ बाळगावा असे मला वाटते. ऑगस्टिनला पुढे मिलान येथे बिशप अँब्रोज भेटले आणि ३८७ सालच्या ईस्टरला त्याचा स्नानसंस्कार झाला. तेव्हा त्याचे वय बत्तीस होते. शंका घेणाऱ्या मुलांच्या मातांनी हा आकडा ध्यानात ठेवावयास हरकत नाही.

याच ऑगस्टिनने पुढे ख्रिस्ती लोकांनाही एक इशारा दिला. आकाश, तारे, प्राणी यांविषयी धर्मग्रंथाच्या नावाखाली काहीबाही बोलाल तर जाणती माणसे हसतील आणि तुमच्या मुख्य गोष्टीवरही विश्वास ठेवणार नाहीत, अशा आशयाचा. तेव्हा विज्ञान आणि श्रद्धा यांच्या भांडणाविषयी मी मुलांना फार काही सांगत नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल हे मठवासी धर्मगुरू होते. विश्व प्रसरण पावत आहे हे १९२७ साली गणिताने मांडणारे जॉर्ज लमेत्र हेही बेल्जियममधील कॅथलिक धर्मगुरू. आणि आपल्या सिद्धांताला कोणी उत्पत्तीच्या ग्रंथाचा पुरावा म्हणू लागले तर त्यांना ते रुचत नसे. गॅलिलिओला १६३३ साली ख्रिस्तसभेच्या न्यायासनाने दोषी ठरविले ती चूक होती, हे १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उघडपणे मान्य केले. उशीर झाला हे खरे. मुले हे ऐकतात, थोडे हसतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. कारण त्यांचा खरा प्रश्न हा नसतोच.

खरा प्रश्न निराळा असतो. काही वर्षांपूर्वी वर्गातील दहावीच्या एका मुलाची धाकटी बहीण तापाने गेली. घरच्यांनी नऊ दिवसांची नोव्हेना केली होती; नवव्या दिवशीच ती गेली. दफनाच्या वेळी निदान तिघांनी त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून सांगितले, की देवाला सुंदर फुले आवडतात, म्हणून तो ती आधी खुडून नेतो. पुढच्या रविवारी वर्ग संपल्यावर तो मागे थांबला आणि म्हणाला, "सर, दुसऱ्याच्या बागेतील फुले खुडणाऱ्याला आपण काय म्हणतो?"

या वाक्यावर रागावणारे पुष्कळ भेटतील. माझ्या मते त्या मुलाची देवाविषयीची कल्पना सांत्वन करणाऱ्या त्या तिघांपेक्षा अधिक उंच होती. देवाने असे करू नये, एवढे तरी त्याला वाटत होते. मी त्याला सांगितले, की फुलांची गोष्ट बायबलमध्ये कोठेही नाही. बायबलमध्ये आहे ती ईयोबाची गोष्ट. त्याची मुले गेली, संपत्ती गेली, अंगभर फोड आले. मित्र भेटावयास आले आणि सात दिवस, सात रात्री एक शब्द न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले. तेथेच थांबले असते तर बरे झाले असते. पण मग ते बोलू लागले: तू पाप केले असशील, देव अन्यायी नाही, पश्चात्ताप कर. ईयोब देवाशी भांडत राहिला. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो या भांडणाऱ्यावर नव्हे, देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवर.

शुभवर्तमानातही हेच दिसते. जन्मांध मनुष्य पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू म्हणतो, कोणाचेही नाही. यरुशलेमात बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. ती इतरांहून अधिक पापी होती हे म्हणणेही तो नाकारतो. आपल्याकडे दुखण्याचे कारण माणसाच्या खात्यावर मांडण्याची सवय सर्वच धर्मांच्या घरांतून आहे, आमच्याही. ख्रिस्ताने ती सवय मोडली. पण तिच्या जागी दुसरे स्पष्टीकरण दिले नाही. लाजरच्या थडग्याशी तो रडला. क्रुसावर त्याने स्वतःच बापाला 'का' असे विचारले, आणि त्या क्षणी आकाशातून काही उत्तर आल्याची नोंद नाही. उत्तर तिसऱ्या दिवशी आले अशी आमची श्रद्धा आहे, पण ते वाक्याच्या रूपाने आले नाही.

मुलाने विचारले, "म्हणजे माझी बहीण का गेली ते तुम्हांला ठाऊक नाही?" मी म्हणालो, "नाही." तो मुलगा पुढे सहा महिने मिस्सेला आला नाही. त्याच्या आईने मला बोल लावला, आणि एका आईचा तो अधिकारच आहे. मी त्याला बोलावणे धाडले नाही. शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन कॅरम मात्र खेळत असे. नंतर तो येऊ लागला. कशामुळे, ते त्याने सांगितले नाही व मीही विचारले नाही.

वर्गात मी बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेविला आहे. नाव न घालता प्रश्न लिहून त्यात टाकावा, असा नियम. सर्वांत अधिक वेळा आलेला प्रश्न मरणाचा नाही, मैत्रीचा आहे: माझा जिवलग मित्र हिंदू आहे, मुसलमान आहे, तो नरकात जाणार काय? ज्यांच्या घरी दिवाळीच्या करंज्या येतात आणि ज्यांच्या घरून नाताळात केक आणि नेवऱ्या जातात, त्या मुलांना हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. त्याचे उत्तर देण्यास मला अडचण पडत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली स्पष्ट लिहून ठेविले, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताचे शुभवर्तमान ठाऊक झाले नाही, परंतु जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण लाभू शकते. दुसऱ्या वर्षीच्या घोषणापत्रात हिंदू धर्माचा नावाने उल्लेख करून अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे म्हटले आहे. हे ऐकल्यावर एखादा चलाख मुलगा हटकून म्हणतो, मग आम्ही ख्रिस्ती का राहावे? मी त्याला विचारतो, नरकाची भीती काढून घेतल्यावर तुझ्यापाशी काहीच उरत नाही काय? मला स्वतःला ख्रिस्ती ठेवणारी गोष्ट म्हणजे थडग्याशी रडलेला तो मनुष्य. तो मला दुसरीकडे कोठे भेटला नाही. दुसऱ्याला त्याच्या वाटेवर काय भेटले, याचा निवाडा करणे माझे काम नव्हे.

याच डब्यात दुसरा एक प्रश्न येतो आणि तो अधिक कडवट असतो: आमचे पूर्वज बळजबरीने ख्रिस्ती झाले काय? गोव्याच्या मुळाच्या घरांत हा प्रश्न टाळण्याकडे कल असतो. टाळू नये. १५६७ साली साष्टीत पोर्तुगीजांनी देवळे पाडली. इन्क्विझिशनचे न्यायालय १५६० पासून, मधली चार वर्षे सोडता, १८१२ पर्यंत गोव्यात होते. काही दडपणाने आले, काही लाभासाठी, काही मनापासून. आपल्या घराण्याचा मूळ पुरुष यांपैकी कोणता, हे आज बहुतेकांना सांगता येणार नाही. सत्याच्या नावाखाली झालेल्या अशा जुलुमांबद्दल १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल यांनी रोममध्ये देवाची क्षमा मागितली. दुसरीकडे, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो कोणाच्या धाकाने नव्हे. त्यापायी पत्नीचा कित्येक वर्षांचा वियोग त्यांना सोसावा लागला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही मुलांना सांगाव्यात.

त्याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स राहिले. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा जेजुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचिले. ते १६१६ साली राशोल येथे रोमन अक्षरांत छापले गेले. देवनागरी आवृत्ती निघावयास १९५६ साल उजाडले. त्या ग्रंथाची मांडणी मला नेहमी विचार करावयास लावते. देवळात मुलांना धर्म शिकविला जात असताना नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना पुराणाची मागणी करतो, कारण जुनी पुराणे सुटली आणि नवीन काही हाती आले नाही. पुढेही श्रोते मधूनमधून कथा अडवितात, शंका काढतात, आणि पाद्री थांबून त्यांना उत्तर देतात. ज्या काळी प्रश्न विचारणे धोक्याचे होते, त्या काळी मराठीतील या पहिल्या मोठ्या ख्रिस्ती ग्रंथात प्रश्न विचारणाऱ्याला अशी हक्काची जागा मिळाली आहे. सगळीच उत्तरे आज आपल्याला पटतील असे नाही. माझ्या विद्यार्थ्यांना तर ती पटत नाहीतच, आणि ते तसे बोलूनही दाखवितात.

मागच्या रविवारी डबा उघडला तेव्हा तळाशी एक चिठ्ठी निघाली. अक्षर बहुधा सर्वांत लहान मुलीचे असावे. स्वर्गात कायमचे राहावयाचे तर तेथे कंटाळा येणार नाही का, असे तिने विचारले आहे. येत्या रविवारी तिला उत्तर द्यावयाचे आहे. श्रोत्यांपैकी कोणाला काही सुचले तर अवश्य कळवावे.