हॉल तिकिटाचा फोटो

माहीममधली दहावीची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती आईबरोबर शितळादेवीच्या देवळात जाते, बाहेर हॉल तिकीट हातात धरून फोटो काढते आणि इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर टाकते. किती निरागस आनंद!

पण त्या कागदावर बैठक क्रमांक असतो, आईचं नावही असतं. राज्य मंडळाचा निकाल ऑनलाइन पाहायला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. २०२५ साली दहावीचा निकाल १३ मे रोजी दुपारी १ वाजता लागला. अशा दुपारी ती धडधडत्या छातीनं साइट उघडेपर्यंत तिचे गणिताचे गुण वर्गाच्या ग्रुपवर फिरलेले असू शकतात. स्टोरी २४ तासांनी जाते. स्क्रीनशॉट कुणाच्या तरी मोबाइलमध्ये राहतोच. चॅटचंही तसंच: गणिताची भीती रात्री मैत्रिणीला लिहून कळवली असेल, तर दोघींनी अबोला धरल्यावर तोही मजकूर बाहेर येऊ शकतो. मला हे जास्त जिव्हारी लागणारं वाटतं.

आईबाबांनो, पोर रडत आली तर मोबाइल हिसकावू नका, आधी जवळ घ्या. प्रकरण याहून गंभीर असेल, कुणी खासगी फोटो पसरवण्याची धमकी देत असेल, तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. पैसे गेले असतील तर तातडीनं १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा. अठरा वर्षांखालच्यांचे नग्न फोटो ऑनलाइन पसरणं रोखायला 'टेक इट डाउन' ही मोफत सेवाही आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, त्याची फक्त डिजिटल खूण जाते.