उन्हाळ्याच्या सुटीतील खेळ : तेव्हाचे आणि आताचे
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस 'मुलांचे शिक्षण' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत फळ्यासमोर उभे राहिलेल्या माणसास हाच विषय द्यावा, हे योग्यच होय. तथापि त्या विषयावर आपण या व्यासपीठावरून दरवर्षी ऐकतच आहात. म्हणून अध्यक्षमहाराजांच्या अनुमतीने आम्ही विषय किंचित बदलून घेतला आहे. वार्षिक परीक्षा संपल्यापासून शाळा उघडेपर्यंत जे दिवस असतात, त्या दिवसांत मुले पूर्वी काय करीत आणि आता काय करतात, एवढेच आज बोलावयाचे आहे. शेवटी मंडळापुढे एक विनंतीही ठेवावयाची आहे.

आमचे बालपण कृष्णाकाठच्या एका लहान गावी गेले. १९७० च्या सुमारास आम्ही दहा वर्षांचे होतो. शेवटचा पेपर देऊन घरी आलो की दप्तर खुंटीस अडकवावयाचे, ते जूनपर्यंत. सकाळी ऊन चढण्यापूर्वी नदीवर जावयाचे. नवशिक्या मुलाच्या पाठीस सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधून त्यास मोठी मुले डोहात ढकलून देत. त्याने रडावे, नाकातोंडात पाणी जावे आणि चौथ्या दिवशी त्यानेच दुसऱ्यास ढकलावे, असा क्रम असे. तेथून निघाले की वडाखाली सूरपारंब्या. एकाने पायाखालून काठी दूर भिरकावयाची, ज्यावर राज्य असेल त्याने ती धावत जाऊन आणून रिंगणात ठेवावयाची, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी पारंब्यांना धरून झाडावर चढून बसावयाचे. आमच्या डाव्या कोपरावर त्या वडाची खूण अद्याप आहे.

दुपारच्या उन्हात कोणी बाहेर नसे, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा ओसरीवर सोंगट्या, पत्ते, सागरगोटे आणि तिखटमीठ लावलेल्या कैऱ्या. ऊन उतरले की विटीदांडू किंवा लगोरी, आणि चांदणे असेल तर जेवणानंतर राखेने पाट्या आखून आट्यापाट्या. कपाळपाटीवरून निघून सर्वांस हुलकावण्या देत लोणपाटी ओलांडावी आणि तेथून 'लोण' घेऊन परत यावे, यात जो थरार होता तो शब्दांत सांगणे कठीण आहे. वडीलधाऱ्या मंडळींचे या सर्वांत काम एकच असे, ते म्हणजे दिवेलागणीस किंवा निजावयाच्या वेळेस नाव घेऊन हाक मारणे.

विटीदांडूत 'वकट, रेंड, मूंड, नाल' अशी मोजणी आम्ही करीत असू. तिचा अर्थ कोणी विचारला नाही, कोणी सांगितलाही नाही. पुढे अध्यापक विद्यालयात आमच्याबरोबर सोलापूरचे एक तेलुगुभाषी विद्यार्थी होते. त्यांनी एकदा सहज 'ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु' असे आकडे म्हटले आणि आम्ही हातातील पुस्तक खाली ठेवले. ज्या तेलुगु भाषेचा एक शब्द आमच्या गावात कोणास कळत नव्हता, तिचे आकडे आमच्या गल्लीतील पोरांच्या तोंडी कोण जाणे किती पिढ्या सुखाने नांदत होते! हे क्रमिक पुस्तकाने पोहोचविले नाही, मुलांनी मुलांस पोहोचविले.

या खेळांतील एका प्रथेचा उल्लेख आम्हांस मुद्दाम करावयाचा आहे, ती म्हणजे 'कच्चा लिंबू'. घरचे धाकटे भावंड खेळात आलेच पाहिजे असा आईचा हुकूम असे, आणि चार वर्षांचे ते पोर खेळात काय करणार? तर त्यास कच्चा लिंबू म्हणावयाचे. त्याने धावावे, ओरडावे, गोंधळ करावा; तो बाद होत नसे आणि त्याच्यावर राज्य येत नसे. दोन-तीन वर्षांनी तो एखाद्या संध्याकाळी रागाने सांगे की, आता मी कच्चा लिंबू नाही. तो दिवस त्याच्या मुंजीइतकाच मोठा. अध्यापनशास्त्राची पुष्कळ पुस्तके पुढे आम्ही वाचली. दुर्बल मुलास वर्गात कसे सामावून घ्यावे याची इतकी सोपी युक्ती आम्हांस त्यांत आढळली नाही.

येथवर ऐकून आपल्यापैकी वडील मंडळींच्या मुद्रा प्रसन्न झालेल्या दिसतात. परंतु पूर्वीचे सारे गोडच होते असे सांगून आम्ही खाली बसलो तर ते खोटे बोलणे होईल.

आमच्या गल्लीत विटी सर्वांत दूर कोलणारा जो मुलगा होता, तो गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतून येत असे. चकताना कोणी कोणाची जात विचारीत नसे, हे खरे आहे. आणि ते आम्ही अभिमानाने सांगतो. पण खेळून तहान लागली की आम्ही सर्व आमच्या घरी पाणी पिण्यास जात असू. आम्ही माजघरात जाऊन तांब्याने पाणी पीत असू, आणि तो पायरीखाली उभा राहून ओंजळ धरीत असे. वरून पाणी ओतणारे हात आमच्याच घरचे होते; दोनतीन वेळा तर ते आमचे स्वतःचे होते. तो काही बोलत नसे. पाणी पिऊन झाले की तोंड पुसून पुन्हा दांडू घेई. जो समाज कच्च्या लिंबास डावात घेत होता, त्यास एक तांब्या पुढे करता आला नाही.

तीच गोष्ट मुलींची. आमची थोरली बहीण लगोरीत आमच्याहून नेमबाज होती. बारावे वर्ष लागले आणि एका उन्हाळ्यात तिला कुरडया-पापडांवर राखण बसविले ती कायमची. गच्चीवरून ती आमचा खेळ पाहत असे आणि नेम चुकला की वरून हसत असे. १९७२ च्या दुष्काळात तर आमचे तीन सवंगडी आईबापांबरोबर खडी फोडण्याच्या कामावर जात. त्या उन्हाळ्यात आट्यापाट्यांस गडी पुरले नाहीत. सुटी सर्वांसच मिळत होती, असे नाही.

आता आजच्याकडे वळू. आजची मुले खेळत नाहीत, मोबाईल घेऊन बसतात, ही तक्रार आपण सर्वच करतो. आमच्या मते यात कार्यकारणाचा क्रम उलटा लागला आहे. मोबाईल मागाहून आला, जागा आधी गेली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागले की रस्ते ओस पडू लागले. तरी रामायण संपताच मुले पुन्हा रस्त्यावर येत, कारण रस्ता होता. पुढे गल्लीत दोन्ही बाजूंस मोटारी उभ्या राहिल्या. नदीचे पाणी पोहण्याजोगे राहिले नाही. मोकळ्या जागांस भिंती झाल्या आणि भिंतींवर 'येथे खेळण्यास मनाई आहे' अशा पाट्या लागल्या. २०२० साली महामारीत शाळाच मोबाईलवर भरली आणि तो मुलांच्या हाती आम्ही शिक्षकांनी व पालकांनी मिळून दिला. ज्यांनी दिला त्यांनीच मुलांस नावे ठेवावीत, हे न्यायाचे नव्हे.

याचे परिणाम मुलांच्या डोळ्यांवर दिसतात. चीनमधील ग्वांगझो शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत मुलांस रोज चाळीस मिनिटे उघड्यावर अधिक काढावयास लावली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार इतर शाळांत ३९.५ टक्के मुलांस दूरचे अंधुक दिसू लागले, तर या शाळांत ३०.४ टक्के. औषध नाही, चष्मा नाही. चाळीस मिनिटांचा उजेड.

खेळ नाहीसे झाले असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी ती जिंकली. दोन्ही कर्णधार, प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. आमच्या बहिणीने ती स्पर्धा दूरदर्शनवर पाहिली. पण निवडक मुलांनी गादीवर शिक्षकासमोर खेळणे निराळे आणि दहा पोरांनी आपले नियम आपण करून, भांडून, रडी खाऊन, पुन्हा डाव मांडणे निराळे. उन्हाळी शिबिरात शुल्क भरावे लागते, गणवेश लागतो, आणि तेथे कच्चा लिंबू घेत नाहीत.

आता आमच्या दोषाकडे येतो. सुमारे वीस वर्षे आम्ही मे महिन्यात शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा वर्ग चालविले. पालक आग्रह करीत, निकाल उत्तम लागत, नाव होई. मागल्या वर्षी बाजारात एक जुना विद्यार्थी भेटला. मुलाची तक्रार सांगू लागला की, हा घराबाहेर पाऊल टाकीत नाही. आम्ही म्हटले, "तू खेळायला घेऊन जा ना त्याला." तो नम्रपणे म्हणाला, "सर, मला कुठला खेळ येतो? माझ्या चौथीच्या आणि सातवीच्या दोन्ही सुट्या तुमच्या वर्गातच गेल्या." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. आम्हांस मात्र त्या रात्री झोप आली नाही.

म्हणून मंडळापुढे विनंती अशी की, कार्यालयामागील आपले पटांगण, जे सध्या लग्नसराईत मोटारी लावण्यास दिले जाते, ते यंदाच्या मे महिन्यापासून मुलांस मोकळे करावे. सकाळी सहा ते साडेआठ आणि सायंकाळी पाच ते साडेसात. दुपारी नको, ऊन पूर्वीही बाधत होते, आता अधिक बाधते. शिक्षक नेमू नये, बक्षीस ठेवू नये, नावनोंदणी करू नये. एका वडील माणसाने कडेला बसावे, आणि कोणाचे रक्त निघाल्यावाचून उठू नये.

पटांगण केवळ ज्ञातीतील मुलांस असावे अशी सूचना एका सन्माननीय सभासदांनी खाजगीत केली आहे. त्यांचा हेतू चांगला असेल, परंतु आम्ही तिला स्पष्ट विरोध करतो. मागील चाळीत आणि पलीकडच्या वस्तीत जी मुले आहेत, त्यांस वगळून नऊ-नऊ गडी जमणारही नाहीत, आणि जमले तरी वगळू नये. मुली येतील, त्यांस बाराव्या वर्षी घरी बोलावू नये. कडुनिंबाखाली एक माठ ठेवावा आणि त्यावर एकच पेला असावा.

लग्नसराईतील भाड्याचे उत्पन्न बुडेल, असे खजिनदार म्हणतील. ते खरे आहे. या वर्षीची तूट भरून काढण्यास आमच्या निवृत्तिवेतनातून काही रक्कम आम्ही आजच त्यांच्याकडे देत आहोत. पुढील वर्षाचे पुढे पाहू. बाभळीचे चार दांडू आणि आठ विट्या सुताराकडून करवून कार्यालयातील कपाटात ठेविल्या आहेत. लगोऱ्या मुले आपल्या आपण शोधून आणतील, त्या विकत आणू नयेत. पटांगणाच्या फाटकाची किल्ली सकाळी सहा वाजता कोणी आणावी, एवढे कार्यकारी मंडळाने आज उठण्यापूर्वी ठरवावे.