काटोलची सत्ता काटोलात



सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा विषय निघाला की आपण दिल्ली-मुंबईच्या नावाने बोटे मोडतो. माझा रोख जवळचा आहे. काटोलची सत्ता नागपूरला कशी गेली, हे आज थोड्यांनाच ठाऊक असेल.

मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९४८ साली जनपद योजना अमलात आणली. पंडित द्वारकाप्रसाद मिश्र हे तिचे प्रणेते. जुनी जिल्हा कौन्सिले मोडून तहसिलीगणिक जनपद सभा आली. शाळा, रस्ते, दवाखाने यांचा विचार तहसिलीच्या ठिकाणीच व्हावा, हा तिचा गाभा. योजना निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. परंतु गावकऱ्यास दाद मागण्यासाठी जिल्ह्याची वाट धरावी लागू नये, ही दृष्टी तीत होती.

१९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली गटपातळीवरील पंचायत समितीस महत्त्व दिले होते. आपल्याच विदर्भाचे वसंतराव नाईक यांच्या समितीने मात्र भर जिल्ह्यावर दिला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. त्यांनी खेडोपाडी शाळा चालविल्या, हे कोण नाकारील? पण काटोलच्या वाट्याला पंचायत समिती उरली, आणि तिजोरीची किल्ली नागपुरास राहिली.

१९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. ते पंचायतींना किती सोपवावयाचे, हे राज्याच्या मर्जीवर राहिले. मुदतीत निवडणूक घेण्याचे बंधन होते, तरी २०२२ नंतर बहुसंख्य जिल्हा परिषदांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांकडे राहिला. वर हक्क मागणारे राज्य खाली देताना हात आखडते. यात कोणताच पक्ष सोवळा नाही.

जे हाती आले त्याचे आपण काय केले? चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात, २०१५ ते २०२० या वर्षांत, केंद्राचे अनुदान ग्रामपंचायतींच्या वाट्यास आले. त्याचा आराखडा ग्रामसभेपुढे यावयाचा असतो. ज्ञातीच्या मेळाव्यास आपण सहकुटुंब येतो. ग्रामसभेस घरटी एक माणूसही जात नाही. उमेदवार आपल्या ज्ञातीचा आहे काय, ही चौकशी मात्र कसून होते. या व्यासपीठावर हे बोलणे काहींस रुचणार नाही.

तेव्हा मंडळाने निवडणुकीत कोणाचीही शिफारस करू नये, असे मी सुचवितो. २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. नाव पत्नीचे आणि कारभार यजमानांचा, हा प्रकार निदान आपल्या घरांत थांबावा. भगिनींनी पुढील ग्रामसभेस जावे, आराखड्याची प्रत मागावी, आणि आपल्या वस्तीची नाली व शाळेचे छप्पर तीत आहे की नाही, हे तेथेच वाचून पाहावे.